पहिलीच्या वर्गासाठी अक्षर-ध्वनींचे पाठ कसे आखले : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

मराठी माध्यमाची पहिली. मी त्या शाळेत वाचन-साहाय्य शिक्षिका म्हणून जात होते आणि वर्गशिक्षिकेबरोबर बसून सुरुवातीच्या वाचनाचे पाठ आखत होते. मुलांची ओळख पटू नये म्हणून या लेखात नावे दिलेली नाहीत आणि काही तपशील बदलले आहेत.

वर्गातली बरीच मुले बालवाडीतून थोडीफार अक्षरे ओळखत आली होती. पाच मुलांमुळे मात्र आखणीचा प्रश्न उभा राहिला.

एक मुलगी दोन्ही कानांना कानयंत्र लावायची. एक मुलगा ‘क’ला ‘त’ आणि ‘ग’ला ‘द’ म्हणायचा. ‘काका’चा ‘ताता’ व्हायचा. बोलायला शिकणाऱ्या लहान मुलांत हे नेहमी दिसते आणि शाळेत येण्याच्या वयापर्यंत बहुतेकांचे आपोआप जाते. त्याचे गेले नव्हते. तिसरा मुलगा अल्पदृष्टी असलेला, वही नाकाजवळ धरून बघणारा. चौथ्याला स्वमग्नता (ऑटिझम) होती, आणि तो सगळ्यांच्या आधी वाचत होता. भिंतीवरची पाटी असो की खडूच्या खोक्यावरचा मजकूर, तो घडाघडा वाचायचा, पण काय वाचले हे त्याला सांगता येत नसे. पाचवी मुलगी ज्या बोलीत वाढली होती तिच्यात ‘ळ’ आणि ‘ण’ नव्हते. ती वर्गात जवळजवळ बोलतच नसे.

अडचण काय होती

पाठ नेहमीच्या पद्धतीने चालू होते. फळ्यावर ओळीने क, ख, ग, घ. बाई म्हणणार, वर्ग एका सुरात पाठीमागून म्हणणार. मग बाराखडी : ‘क ला काना का’. महिन्याच्या शेवटी एक चाचणी होई. तक्त्यावरची अक्षरे मिनिटभरात किती म्हणता येतात, ते मोजायचे.

या चाचणीत वरच्या पाच मुलांपैकी चौघे तळाला होते आणि स्वमग्न मुलगा पहिला. चाचणीप्रमाणे चौघांना ‘अक्षरे येत नाहीत’ आणि एकाला ‘सगळे येते’. दोन्ही निष्कर्ष चुकीचे होते, आणि पुढची आखणी त्यांच्यावरच उभी राहणार होती.

पहिला उपाय बाईंनी स्वतःच केला. त्यांनी वर्गाचे तीन गट पाडले : पुढे गेलेले, मधले, मागे राहिलेले. मागच्या गटात चौघे एकत्र आले. काही आठवड्यांत लक्षात आले की या गटात शिकवणे सर्वांत अवघड आहे, कारण चौघांची अडचण एक नाही. एकीला नीट ऐकू येत नाही, एकाला नीट म्हणता येत नाही, एकाला नीट दिसत नाही, एकीला शब्दच परके. यांना एकत्र आणणारी गोष्ट फक्त चाचणीतला आकडा होती.

बाईंनी तेव्हा विचारलेला प्रश्न मला अजूनही रास्त वाटतो : “मॅडम, पाच मुलांसाठी रोज पाच पाठ मी आखायचे कधी? आणि बाकीच्या वर्गाचे काय?” विविध गरजांबद्दल बोलताना हा प्रश्न बहुधा टाळला जातो. जो आराखडा एका शिक्षिकेला रोज पेलता येत नाही, तो मुलांपर्यंत पोचतच नाही.

कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय : वर्ग आहे तसा चालू ठेवायचा आणि मागे राहिलेल्यांना शाळा सुटल्यावर जादा वेळ द्यायचा. हा लगेच बाद झाला. कानयंत्र लावून दिवसभर ऐकण्याचा ताण घेणारे मूल संध्याकाळी दमलेले असते. वर पुन्हा तीच पद्धत तेच अडथळे घेऊन येणार होती.

दुसरा : चौघांना वाचनाच्या तासाला वेगळ्या खोलीत विशेष शिक्षिकेकडे पाठवायचे. मुख्याध्यापकांना हा पर्याय पटत होता. वैयक्तिक लक्ष मिळेल, हे खरेच होते. पण विशेष शिक्षिका आठवड्यातून ठरावीक दिवशीच येत. उरलेल्या दिवसांचे काय, याला उत्तर नव्हते. शिवाय बोलीचा प्रश्न असलेल्या मुलीला वेगळ्या खोलीत नेण्याचे काहीच कारण नव्हते. तिला जास्तीत जास्त मराठी कानावर पडणे गरजेचे होते, आणि ते वर्गातच शक्य होते.

तिसरा : इंग्रजी फोनिक्सची, म्हणजे अक्षरांचे सुटे ध्वनी जोडून वाचायला शिकवण्याची, योजना तशीच उचलून मराठीत आणायची. शाळेतल्या एका तरुण शिक्षकाने हे सुचवले. तशा अनेक योजना एस, ए, टी, पी, आय, एन या अक्षरांपासून सुरू होतात, कारण एवढ्यातूनच लगेच छोटे शब्द बनतात. हे तत्त्व आम्ही घेतले. पण त्या योजनेत व्यंजनाचा शुद्ध ध्वनी सुटा म्हणून दाखवतात, ते मराठीत जसेच्या तसे बसत नाही. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे.

चौथा, जो निवडला : सगळ्या वर्गाला एकच पाठ, एकच उद्दिष्ट. फक्त ध्वनी मुलापर्यंत पोचण्याचा मार्ग आणि मुलाने उत्तर देण्याचा मार्ग वेगवेगळा. पाठानंतर दोन-तीन मुलांच्या गटांची थोडा वेळ उजळणी, आणि हे गट पातळीवर न पाडता अडचणीप्रमाणे दर आठवड्याला बदलणारे.

पहिला निर्णय : नेमके कुठे अडते ते आधी पाहणे

आखणीपूर्वी मिनिटाची चाचणी बाजूला ठेवली आणि प्रत्येक मुलाकडे तीन प्रश्न घेऊन गेलो. मी ध्वनी म्हणाले, तर मूल योग्य अक्षराकडे बोट दाखवते का? अक्षर दाखवले, तर ते म्हणते का? मी छोटा शब्द म्हणाले, तर ते अक्षरपट्ट्या लावून तो बनवते का?

‘ताता’ म्हणणाऱ्या मुलाने सगळ्या वर्गाला चकित केले. मी ‘क’ म्हटले की तो न चुकता क वर बोट ठेवायचा, ‘त’ म्हटले की त वर. त्याला दोन्हींतला फरक ऐकू येत होता, दिसतही होता. जीभ फक्त साथ देत नव्हती. ‘काम’ हा शब्द त्याने पट्ट्या लावून लगेच बनवला. गेले काही महिने हा मुलगा ‘अक्षरे न येणारा’ म्हणून मागच्या गटात बसला होता.

कानयंत्रवाल्या मुलीचे चित्र उलटे निघाले. फळ्यावरचे अक्षर पाहून ती बरोबर म्हणायची, पण माझे ओठ दिसले नाहीत की म आणि ब यांच्यात चुकायची. कानयंत्र रोज नीट चालते की नाही, हेही कुणी पाहत नव्हते. म्हणून सहा ध्वनींची साधी तपासणी रोज सकाळी सुरू केली : आ, ई, ऊ, म, श, स. कर्णबधिर मुलांच्या शिक्षणातले तज्ज्ञ डॅनियल लिंग यांच्या नावाने ती ओळखली जाते. हे सहा ध्वनी बोलण्यातल्या खालच्या स्वरापासून वरच्या स्वरापर्यंतचा पट्टा व्यापतात. म सर्वांत खाली, स सर्वांत वर. तोंडासमोर कागद धरून, नेहमीच्या आवाजात, मध्ये कमीजास्त वेळ सोडून एकेक ध्वनी म्हणायचा आणि मुलीने ऐकला तसा परत म्हणायचा. हे काम मिनिटभरात होते. एका सकाळी सहाही ध्वनींना उत्तर आले नाही. कानयंत्रातली बॅटरी संपली होती. तपासणी नसती तर तो अख्खा दिवस ‘लक्ष देत नाही’ या शेऱ्याखाली गेला असता.

स्वमग्न मुलासाठी चौथा प्रश्न जोडला : वाचलेले कळले का? गफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ मध्ये मांडलेले वाचनाचे साधे सूत्र इथे कामाला आले. अक्षरांवरून शब्द उलगडता येणे आणि भाषा समजणे यांचा गुणाकार म्हणजे वाचन. गुणाकारात एक संख्या शून्याजवळ असली, तर दुसरी कितीही मोठी असून उपयोग नाही. या मुलाचे उलगडणे उत्तम होते. त्याच्या पाठात अर्थ आणणे हे आमचे काम होते.

दुसरा निर्णय : अक्षरांचा क्रम

या टप्प्यावर सर्वांत जास्त चर्चा झाली, आणि व्हायलाच हवी होती. वर्णमालेचा क्रम उच्चारस्थानांवर बांधलेला आहे आणि भाषेची रचना समजायला तो अप्रतिम आहे. पण वाचायला शिकणाऱ्या मुलाला त्याने दोन त्रास होतात. एक, क-ख-ग-घ हे एकमेकांच्या सर्वांत जवळचे ध्वनी एकापाठोपाठ येतात. दोन, या चार अक्षरांतून मुलाच्या ओळखीचा शब्द फारसा बनत नाही. त्यात ३४ व्यंजने आणि १२ खान्यांची बाराखडी म्हणजे ४०८ रूपे. एवढे सगळे पाठ झाल्यावर वाचायला लागायचे म्हटले, तर मूल पहिला शब्द वाचणार कधी?

अक्षरगटांनी शिकवण्याची पद्धत मराठी शाळांना नवी नाही. प्रश्न असा होता की या वर्गासाठी पहिला गट कोणता. चार कसोट्या लावल्या : शब्द भरपूर बनावेत, ध्वनी एकमेकांपासून दूर असावेत, आकार वेगळे असावेत, आणि कानयंत्रवाल्या मुलीला निदान अर्धे ध्वनी सहज मिळावेत.

पहिला गट ठरला : म, क, न, ल आणि काना. एवढ्यातून कान, नाक, मान, काम, लाल, काल, मन, कमल, कमान, मला, मामा, काका असे शब्द तयार होतात. ‘ला’ हाताशी असल्यामुळे ‘मामाला’, ‘कामाला’, ‘कानाला’ अशी रूपेही पहिल्याच टप्प्यात वाचता येतात. मराठी मुलाला ती बोलण्यातून माहीत असतात, त्यामुळे वाचताना अर्थ लगेच हाती लागतो.

क ठेवायचा की नाही, यावर मतभेद झाला. विशेष शिक्षिकेचे म्हणणे, ज्या मुलाला क म्हणता येत नाही त्याच्यासाठी तो पुढे ढकलावा. वाचा-उपचारतज्ज्ञांचे मत वेगळे पडले : त्याला क ऐकू येतो आणि ओळखता येतो, तर वाचनातून तो काढून टाकण्याचे कारण नाही. काळजी एवढीच घ्यावी की त या गटात नको. त्याने क पाहून ‘त’ म्हटले, तर ऐकणाऱ्याला तो काय वाचतो आहे हे कळले पाहिजे. आम्ही हाच सल्ला मानला. क शिवाय काका, काम, कान, नाक सगळेच गेले असते आणि एका मुलाच्या जिभेपायी बाकीच्यांचे शब्द कमी झाले असते.

दुसऱ्या गटात आधी र आणि स होते. शब्द फार मिळतात म्हणून बाईंना ते हवे होते. दृष्टीविषयक शिक्षिकेने एका नजरेत दाखवून दिले की स च्या पोटात र चा आकार आहे. अल्पदृष्टी मुलाला ही दोन्ही एका आठवड्यात देणे म्हणजे गोंधळाला बोलावणे. शिवाय स हा उंच स्वराचा ध्वनी, कानयंत्रवाल्या मुलीला सर्वांत अवघड. स तिसऱ्या गटात गेला. दुसरा गट झाला र, ह, ब, य आणि दीर्घ वेलांटी. ब मुद्दामच म च्या नंतर, म पक्का झाल्यावर घेतला. म, प आणि ब ओठांवर अगदी सारखे दिसतात. ओठ पाहून समजून घेणाऱ्या मुलाला हे तीन एकदम देऊ नयेत. ह तिला अवघड जाणार हे दिसत होते, तरी तो घेतला, कारण हा, ही, नाही यांच्याशिवाय वाक्यच उभे राहत नाही. या गटानंतर मुले ‘मी काकाला हाक मारली’ हे पूर्ण वाक्य वाचू शकत होती.

ऱ्हस्व वेलांटी मागे ठेवण्याचा निर्णय एकमताने झाला. ती लिहिली जाते अक्षराच्या आधी आणि उच्चारली जाते नंतर. डावीकडून उजवीकडे जाण्याची सवय नुकती लागत असताना ही उलटापालट नको होती. शिवाय मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार प्रमाणलेखनात ‘आणि’सारखे मोजके अपवाद सोडता दीर्घच लिहितात, म्हणून दीर्घ वेलांटीचे शब्द आधी विपुल मिळतात.

इथे छापील साहित्याबद्दलही सांगायला हवे. बाईंनी आणलेली तयार अक्षरकार्डे हिंदी वळणाची होती. त्यांतला ल पाठ्यपुस्तकातल्या मराठी वळणाच्या ल पेक्षा वेगळा दिसतो, श चेही तसेच. बहुतेक मुलांनी हा फरक पचवला असता. अल्पदृष्टी मुलगा मात्र दोन वेगळी अक्षरे समजून बसला होता. कार्डे हाताने नव्याने केली : जाड काळी रेघ, न चमकणारा फिका कागद, कार्डावर एकच अक्षर. शब्दपट्ट्यांवर अक्षरांमध्ये जरा जास्त मोकळी जागा ठेवली, कारण शिरोरेषेने जोडलेली अक्षरे त्याला एकमेकांत मिसळल्यासारखी दिसत. ही कार्डे सगळ्या वर्गाने वापरली आणि कुणाचीच त्याबद्दल तक्रार नव्हती.

तिसरा निर्णय : सुटा ध्वनी की अक्षर

‘क्’ असा अर्धा ध्वनी शिकवावा का? तरुण शिक्षकाने एक पाठ तसा घेऊन पाहिला. म् ताणता येतो, न् आणि ल् ही ताणता येतात. क् ताणता येत नाही. तो एक क्षणिक स्फोट आहे. वर्गाच्या मागच्या बाकापर्यंत तो पोचलाच नाही आणि कानयंत्रात तर हरवूनच गेला. मराठी मुलाला ‘क’ हे अख्खे अक्षर एका ठोक्यात ऐकू येते. लिपीही तेच दाखवते.

म्हणून सुरुवात अक्षरापासून केली आणि ध्वनी फोडण्याचे काम काना आला तेव्हा हाती घेतले. मुले ‘का’ वाचताना ‘क-आ’ असे दोन ठोके देत होती. त्यांना वाटत होते की क मध्ये आ मिळवायचा. प्रत्यक्षात क मधला अ जातो आणि त्याच्या जागी आ येतो. हे शब्दांत सांगण्याऐवजी ऐकवले : मऽऽ, माऽऽ, लऽऽ, लाऽऽ. आधी ताणता येणारी अक्षरे, मग क. ‘क ला काना का’ हा घोष बंद केला नाही. मुलांना त्याची लय आवडते आणि घरीही तोच म्हणतात. पण शब्द वाचण्याच्या वेळी तो बाजूला ठेवला, कारण ‘काम’ वाचताना मूल तोंडाने ‘क ला काना का’ म्हणत राहिले तर ‘म’पर्यंत पोचेस्तोवर शब्द विसरलेला असतो.

शेवटच्या अ चा प्रश्नही तेव्हाच आला. आपण ‘कमल’ लिहितो आणि शेवटचा ल जवळजवळ पाय मोडल्यासारखा उच्चारतो. सुटी अक्षरे शिकलेले मूल तीन पूर्ण ठोके देते आणि तो शब्द त्याच्या कानाला अनोळखी वाटतो. स्वमग्न मुलगा असेच वाचायचा, प्रत्येक अक्षर सारख्या लांबीचे, म्हणूनही शब्द त्याच्या ओळखीचे होत नसत. नियम सांगण्याचा मोह आम्ही टाळला. एकच सवय लावली : अक्षरे जोडून झाली की “आता आपण बोलतो तसं म्हण.”

पाठ कसा चालला

रोजचा पाठ पंचवीस मिनिटांचा. आधी अक्षर न दाखवता फक्त ऐकणे : चित्रातल्या वस्तूचे नाव, त्यातले पहिले अक्षर कोणते, शेवटचे कोणते. मग नवे अक्षर किंवा उजळणी. मग शब्द जोडणे. यासाठी सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ एल्कोनिन यांच्या चौकटींची कल्पना घेतली, फक्त एका ध्वनीऐवजी एका अक्षराला एक चौकट. शेवटी वाचलेल्या शब्दाचा उपयोग.

सर्वांत मोठा बदल एका सुरात म्हणण्यात झाला. सामूहिक घोषात कानयंत्र सगळाच गोंगाट मोठा करून देत होते. बोलीवाली मुलगी नुसते ओठ हलवत होती. ‘ताता’ म्हणणारा मुलगा आवाजात लपत होता. स्वमग्न मुलगा कानांवर हात ठेवत होता. बाईंनी खुणेची पद्धत आणली : बाई म्हणतात तेव्हा पूर्ण शांतता, हात खाली आला की मुले पट्टी वर धरतात, मग बाई एका मुलाला म्हणायला सांगतात. पट्टी वर धरणे हे सगळ्यांचेच उत्तर झाले. त्यामुळे बोलता न येणारे मूल वेगळे दिसेनासे झाले, आणि कोण खरेच वाचते आहे हे बाईंना एका नजरेत दिसू लागले. एका बदलाने चार मुलांचा मार्ग मोकळा झाला, तोही स्वतंत्र पाठ न आखता.

अर्थ पाहण्यासाठी सर्वांत उपयोगी पडलेली कृती फार साधी होती. प्रत्येकाला चेहऱ्याचे रेखाचित्र आणि एक पट्टी : ‘नाक लाल’ किंवा ‘कान लाल’. वाचा आणि रंगवा. स्वमग्न मुलाने पहिल्यांदा पट्टी सुंदर वाचली आणि चित्राला हात लावला नाही. बाईंनी न बोलता स्वतःच्या चित्रातले नाक रंगवले, पट्टीकडे बोट दाखवले. काही पाठांनंतर तो पट्टी वाचून थांबू लागला, चित्राकडे पाहू लागला, मग रंग उचलू लागला. मला हा या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा बदल वाटतो, आणि कोणत्याही मिनिटाच्या चाचणीत तो कधीच दिसला नसता.

बाईंची आखणी एका पानावर मावत होती. वर त्या दिवसाचे अक्षर आणि शब्द, खाली चार ओळी : कसे ऐकवणार, कसे दाखवणार, उत्तर कसे घेणार, अर्थ कसा पाहणार. ज्या ओळीत एखाद्या मुलाची वाट अडते, तिथेच त्याच्यासाठी बदल लिहायचा.

चौथा निर्णय : ‘बाळ’ की ‘बाल’

तिसऱ्या गटात ळ आला आणि बोलीवाल्या मुलीने ‘बाळ’ हा शब्द ‘बाल’ असा वाचला. चित्र मात्र बरोबर उचलले. हे बरोबर धरायचे की चूक?

बाईंना वाटत होते की आत्ता दुरुस्त केले नाही तर कायमचे राहील. माझे मत असे की तिने अक्षर ओळखले, शब्द उलगडला, अर्थ घेतला, म्हणजे वाचन झाले. तिचा उच्चार तिच्या घरचा आहे. लहान मुलाचे घरचे बोलणे चूक म्हणून मोडले, तर ते मूल बोलणेच सोडते. ही मुलगी आधीच गप्प होती. शेवटी वाचताना उच्चार दुरुस्त करायचा नाही, पण ऐकण्याच्या खेळात ल आणि ळ वेगळे ओळखायला लावायचे, असे ठरले. बाल-बाळ, काल-काळ, कल-कळ अशा जोड्या घेतल्या. ऐकून फरक कळू लागला तसा तिच्या वाचनातही ळ अधूनमधून यायला लागला, कुणी न सांगता.

काय निष्पन्न झाले

वर्षअखेर पाचही मुले तीन गटांतल्या अक्षरांचे शब्द वाचत होती, सारख्या वेगाने नाही. उच्चाराची अडचण असलेला मुलगा वर्गातल्या चांगल्या वाचकांत गणला जाऊ लागला. त्याचे वाचा-उपचार सुरू झाले. क अजून पक्का नव्हता. कानयंत्रवाली मुलगी लिखित शब्दांत आत्मविश्वासाने पुढे गेली, पण ओठ दिसत नसताना ब-म आणि ह यांत चुकत राहिली. अल्पदृष्टी मुलगा अचूक वाचायचा आणि लवकर दमायचा, म्हणून त्याला कमी शब्द दिले, सोपे शब्द दिले नाहीत. स्वमग्न मुलगा दोन-तीन शब्दांच्या सूचनेप्रमाणे कृती करू लागला; ‘नाही’ असलेले वाक्य त्याला गोंधळात टाकत राहिले. बोलीवाली मुलगी बोलू लागली.

वेग एकूण कमी होता, याची चिंता मुख्याध्यापकांना होती. समांतर वर्गाची बाराखडी संपली तेव्हा इथे ऱ्हस्व उकारही झाला नव्हता. अक्षरमालांवर संशोधन करणाऱ्या सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांबद्दल २००७ मध्ये दाखवले होते की सगळी अक्षररूपे पक्की व्हायला पहिली-दुसरी पुरत नाही, काम तिसरी-चौथीपर्यंत चालू राहते. मराठीची रचना त्याच जातीची. हे मुख्याध्यापकांसमोर ठेवल्यावर चर्चेचा सूर बदलला.

काय वेगळे करता आले असते

कानयंत्राची रोजची तपासणी आणि वर्गातला गोंगाट कमी करणे, या दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून सुरू व्हायला हव्या होत्या. त्यांना अक्षरांच्या क्रमाची वाट पाहण्याची गरज नव्हती.

पालकांशी बोलणे उशिरा झाले. कानयंत्रवाल्या मुलीच्या आईने नंतर सांगितले की घरी ती कुठल्या ध्वनींना दाद देत नाही, हे त्यांना केव्हापासून माहीत होते. बोलीवाल्या मुलीच्या आजीला वर्गात बोलावून त्यांच्या बोलीतले शब्द पहिल्याच गटात घेता आले असते. त्यातले कितीतरी शब्द म, क, न, ल यांतूनच बनत होते.

दुसऱ्या गटात चार अक्षरे आणि नवी वेलांटी एकाच वेळी आली. का-की यांत बरीच मुले अडखळली, ज्यांची काही वेगळी गरज नव्हती तीही. वेलांटी एकटी, जुन्याच अक्षरांवर आधी शिकवायला हवी होती : की, मी, नी, ली. मग नवी अक्षरे.

मिनिटाची चाचणी शाळेने बंद केली नाही. तिच्याबरोबर बोट दाखवण्याची आणि पट्ट्या लावण्याची नोंद जोडली. उच्चाराची अडचण असलेल्या मुलाला पुढच्या वर्षीच्या शिक्षिकेकडे सोपवताना या दोन नोंदी वेगवेगळ्या दाखवणे आम्हाला आवश्यक वाटले, नाहीतर तिथे तो पुन्हा मागच्या गटात बसला असता.

जोडाक्षरे अजून बाकी आहेत. तिथे अक्षर हा एक ठोका राहत नाही आणि सुटा अर्धा ध्वनी पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने लागतो. कानयंत्रवाल्या मुलीसाठी ‘स्त’, ‘स्क’ यांसारखी जोडाक्षरे शेवटी ठेवायची आणि ‘म्म’, ‘न्न’, ‘ल्ल’ अशी ताणता येणारी, एकाच अक्षराची द्वित्ते आधी घ्यायची, असे दुसरीच्या शिक्षिकेबरोबर ठरले आहे.